टेप अडकल्याची गोष्ट

फिल्मवाले पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. दारातच सांगितलं, "साहेब झोपलेत. आणि उठले तरी त्यांना बोलायला दम पुरत नाही. तुम्हाला हवं ते सगळं इंटरनेटवर आहे, तिथून घ्या." तेवढ्यात आतून ह्यांचा आवाज आला, "कोण आहे गं?" पडले मी तोंडघशी.

आमचे हे गीतकार. लोक कविराज म्हणतात. तुम्ही म्हणाल, मला गाण्यांतलं काही कळत नाही, तरी ह्यांची दहाबारा गाणी तुम्हाला पाठ असणार. केस कापायला बसलात, बसमध्ये बसलात, कुणाच्या लग्नात जेवायला बसलात, की ती कानावर पडतातच. घरात मात्र मी ह्यांना कधी कविराज म्हटलं नाही. ज्या माणसाला स्वतःचा मोजा सापडत नाही त्याला राजा कसं म्हणायचं?

तर ती डायरेक्टरीण. केस मुलासारखे बारीक कापलेले, खांद्याला ही मोठी पिशवी, डोळे मात्र चांगले. तिला ह्यांच्या आयुष्यावर माहितीपट करायचा होता. मी नको म्हटलं, ती परत आली. पुन्हा नको म्हटलं, पुन्हा आली, आणि त्या वेळी बोलता बोलता म्हणाली, "काकू, ही फिल्म थिएटरला वगैरे नाही लागणार. सरळ फोनवर येईल. जगात कुठेही असलेला माणूस बघू शकेल."

जगात कुठेही. मी तिला आत घेतलं आणि चहा टाकला.

आम्हाला एकच मुलगा. तो कुठे आहे ते आम्हाला माहीत नाही. घर सोडून गेला तेव्हा एकवीस-बावीसचा होता, आता चाळिशीकडे झुकला असेल. सुरुवातीला मला फोन करायचा, मग ते कमी झाले, मग नंबर बदलला. शोधायचा तेवढा शोधला. स्वतःहून हरवलेल्या माणसाला शोधणं फार अवघड असतं, तो आपल्यापेक्षा हुशार निघतो. आणि आता ह्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झेपणार नाही. किती दिवस ते मला विचारू नका, म्हणाले, म्हणजे मी काय ते समजले. ह्यांच्यात श्वास आहे तोवर पोराने एकदा येऊन जावं, एवढंच माझं मागणं होतं. ह्या वयात मी दुसरं काही मागतच नव्हते.

डायरेक्टरणीला मी माझी अट सांगितली. फिल्ममध्ये मी दोन वाक्यं बोलणार, माझ्या मुलाशी. आणि खाली माझा फोन नंबर यायला हवा.

"वाक्यं नक्की घेऊ," ती म्हणाली. "नंबर नको, काकू. लोक फार वाईट असतात हो. त्रास देतील."

"लोकांशी मला काय करायचंय? मला एकाच माणसाचा फोन हवाय."

तिने बरंच समजावलं. मी ऐकलं नाही. शेवटी ती हो म्हणाली.

शूटिंगच्या दिवशी आमचं घर आमचं राहिलं नाही. खुर्च्या इकडच्या तिकडे, खिडकीला काळं कापड, जमिनीवर वायरी. एक कॅमेरावाला, एक आवाजवाला. आवाजवाल्याने आल्या आल्या पंखे बंद केले, भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली कोंबलं आणि फ्रीज बंद केला, घरघर रेकॉर्ड होते म्हणून. थोड्या वेळाने दूध काढायला फ्रीज उघडते, तर अंड्यांच्या शेजारी गाडीची किल्ली. मला वाटलं, झालं, ह्यांच्यासारखाच आणखी एक घरात शिरला. विचारलं तर म्हणाला, "मावशी, एकदा फ्रीज परत चालू करायला विसरलो होतो, त्या माणसाचं सगळं नासलं. तेव्हापासून किल्ली आत ठेवतो. फ्रीज उघडल्याशिवाय मला निघताच येत नाही." बरा वाटला मला तो मुलगा.

ह्यांच्या ऑक्सिजनच्या मशीनचाही आवाज व्हायचा. म्हणून असं ठरलं, की मशीन बंद करून थोडं बोलायचं, दम लागला की चालू करून पडून राहायचं, मग पुन्हा बंद. बटणाचं काम माझ्याकडे. मी ह्यांच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी स्टुलावर बसले, एक हात बटणाशी.

डायरेक्टरणीने पहिलाच प्रश्न त्या गाण्याचा काढला. काढणारच. "सर, 'म-म-माझ्याकडे बघून हसली'. एवढी वर्षं झाली, अजून कुठल्याही कार्यक्रमात हे वाजलं की माणसं उठून नाचतात. ते सुचलं कसं?"

आणि ह्यांनी टेप अडकल्याची गोष्ट सुरू केली.

ती गोष्ट मला उलटीसुलटी पाठ आहे. संगीतकाराने चाल टेप करून पाठवली होती, हे ऐकत बसले होते, टेप जुनी, ती एका जागी अडकली आणि म-म-म करायला लागली, आणि ह्यांच्या डोक्यात वीज चमकली. रेडिओवर सांगून झाली, टीव्हीवर सांगून झाली, सत्काराच्या प्रत्येक भाषणात. टाळी कुठे येते तेही ह्यांना माहीत होतं, तिथे थांबायचे. त्या दिवशीही थांबले. कॅमेरावाला हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

कारण टेप कधी अडकलीच नव्हती.

आमचा मुलगा बोलताना अडखळायचा. लहानपणापासून. घरात कमी, बाहेर जास्त, आणि बापासमोर सगळ्यात जास्त, कारण बाप शब्दांचा कारखाना. चौदा वर्षांचा असेल तेव्हा. दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. हा सहसा खाली मान घालून जेवायचा, त्या दिवशी त्याचं जेवणात लक्षच नव्हतं. मग एकदम बापाकडे बघून म्हणाला, "बाबा, आमच्या व-वर्गातली ती मुलगी आहे ना. ती आज म... म... म-माझ्याकडे बघून हसली." कान लाल झाले होते त्याचे. बापाला आपण होऊन काही सांगण्याची ती त्याची पहिलीच वेळ. मी श्वास धरून बसले होते.

ह्यांचा घास हातातच राहिला. डोळे कुठेतरी लांब गेले. ती नजर मी ओळखते. बोटांनी टेबलावर ठेका धरला, म-म-म, म-म-म, आणि उठले. हात न धुता आतल्या खोलीत गेले. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो.

संध्याकाळपर्यंत गाणं तयार. मी म्हटलं, "अहो, हे एवढं गाणं देऊ नका." हे म्हणाले, "अगं, संगीतकाराला फोनवर ऐकवलंसुद्धा. उड्या मारतोय तो." गाणं रेकॉर्ड होऊन आलं तेव्हा मुलाला समोर बसवून ऐकवलं. "बघ, तुझं वाक्य! तुझं जसंच्या तसं ठेवलंय, एक अक्षर बदललं नाही." ह्यांना खरंच वाटलं होतं, पोरगा खूश होईल. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. शाळेत त्याचं नाव ममम पडलं. तो वर्गात शिरला की मुलं ठेका धरायची. त्या मुलीनेसुद्धा धरला म्हणे. गाणं ह्याच्यावरून आलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना एवढंच दिसत होतं की गाण्यातल्यासारखा एक मुलगा आपल्याच वर्गात आहे. नुसता आमचाच नाही, देशात जेवढी अडखळणारी पोरं असतील तेवढ्यांच्या मागे ते गाणं लागलं. मोठा झाल्यावर नोकरीच्या मुलाखतीला गेला, तर समोरचा साहेब हसून म्हणाला, "काय रे, गाणं म्हणतोयस का?" घरी आला, बॅग भरली, गेला. तेव्हा हे कुठल्यातरी बक्षीस समारंभात टेप अडकल्याची गोष्ट सांगत होते.

फिल्मवाले सामान आवरून त्या दिवसापुरते गेल्यावर मी ह्यांच्यासमोर उभी राहिले.

"उद्या ते परत येतील. उद्या खरं सांगायचं."

"अगं, टेपची गोष्ट लोकांना पाठ आहे. आता बदलली तर म्हणतील, म्हातारा भ्रमिष्ट झालाय."

"म्हणू देत."

"मी त्याची थट्टा नव्हती केली." हे एकेका शब्दाला थांबत होते, अर्धं दम लागल्यामुळे. "मला ते सुंदर वाटलं होतं गं. एवढा आनंद झालाय की तोंडातून बाहेरच पडत नाहीये. असं मला आयुष्यात दुसरं काही सुचलं नाही."

"तुम्हाला सुंदर वाटलं. त्याला विचारलंत?"

"गाणं सुचताना कुणी कुणाला विचारतं का?"

"टेप अडकली म्हणे. टेपला दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं नव्हतं."

मी मशीनची नळी ह्यांच्या नाकाला लावली, पांघरूण सारखं केलं, ते सगळं केलं आणि मग मला रडू आलं. मी म्हटलं, "अहो, मी तुमच्यापुढे पदर पसरते. तो कुठूनतरी हे बघेल. तुम्ही टेपची गोष्ट सांगितलीत, तर तो फोन बंद करून झोपेल. तुम्ही त्याचं नाव घेतलंत तर कदाचित येईल. तुमच्याकडे दिवस नाहीत आणि माझ्याकडे दुसरा उपाय नाही." अशी मी कधी बोललेली नाही. आमच्या घरात रडणं हे ह्यांच्या गाण्यांचं काम, माझं नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्यावर हे डायरेक्टरणीला म्हणाले, "काल मी एक खोटं बोललो. ते आधी दुरुस्त करू."

आणि सांगितलं. टेबल, दुपार, पोराचे लाल कान, सगळं. मध्ये मध्ये मी मशीन चालू करायची, हे डोळे मिटून पडायचे, परत हाताने खूण करायचे, बंद कर. एकदा ओठ निळसर दिसायला लागले तरी खूण करत राहिले. "माझ्या मुलाने मला विश्वासाने एक गोष्ट सांगितली," हे म्हणाले, "आणि मी ती सगळ्या दुनियेला विकली. तो समोर बसला होता, मी त्याला 'कोण रे ती?' एवढंसुद्धा विचारलं नाही. एवढंच विचारायचं होतं मी." मग कॅमेऱ्याकडे बघितलं, पोराला आम्ही घरात जे म्हणायचो त्या नावाने हाक मारली आणि म्हणाले, "ये एकदा. मी गप्प बसेन. तू बोल."

ह्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. डायरेक्टरीण नाक पुसत होती. मी बटण दाबणार तेवढ्यात आवाजवाला हळूच म्हणाला, "मावशी, एक मिनिट. कुणी हलू नका. खोलीची शांतता घ्यायची आहे." त्यांच्यात ती पद्धत असते. बोलणं झालं की रिकाम्या खोलीची शांतता थोडी भरून घेतात, पुढे जोडकामाला लागते. आम्ही सगळे जागच्या जागी पुतळ्यासारखे. हे आवाज न करता रडत होते, खांदे हलत होते, आणि आवाजवाल्याने मान डोलावून खूण करेपर्यंत आम्ही कुणी त्यांच्याजवळ गेलो नाही.

मग माझी दोन वाक्यं घेतली. काय बोलले ते इथे सांगत नाही. आईने बोलायचं तेच बोलले, आणि नंबर सांगितला. जाताना किल्ली घ्यायला आवाजवाल्याने फ्रीज उघडला, चालू केला आणि माझ्या पाया पडून गेला.

ज्या दिवशी फिल्म आली त्या दिवशी सकाळीच डायरेक्टरीण आमच्याकडे आली, आमच्यासोबत बघायला. टीव्हीला तिचा कॉम्प्युटर जोडला. ह्यांना उशांना टेकवून बसवलं. फिल्म चांगली होती, नाही कशाला म्हणू. ह्यांच्या तरुणपणाचे फोटो, जुनी रेकॉर्डिंगची खोली, ह्यांची गाणी गाणारी गायिका म्हातारी झालेली. मग ते टेबल आलं, ती दुपार आली. टीव्हीतले हे म्हणाले, "तो म्हणाला, बाबा, ती आज..." आणि तिथेच हळूच, लांबून आल्यासारखं, गाणं सुरू झालं. म-म-म. आधी बारीक, मग मोठं. मग स्टेडियम. हजारो माणसं हात वर करून नाचतायत, म-म-माझ्याकडे बघून हसली. मग परत ह्यांचा रडवेला चेहरा आणि "ये एकदा". मग मी. मग नंबर.

मी डायरेक्टरणीकडे वळले. "इथे गाणं कशाला घातलंस?"

"काकू, गाण्याशिवाय लोकांना कळणार कसं, सर कशाबद्दल बोलतायत ते?" बिचारी खरंच गोंधळून गेली. "एडिटरने ते जोडलं तेव्हा आम्ही सगळे रडलो होतो. फिल्ममधली सगळ्यात चांगली जागा आहे ती."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांची बोटं पांघरुणावर ठेका धरत होती. स्वतःलाही पत्ता नव्हता त्यांना.

पहिला फोन दुपारी आला. अनोळखी नंबर. "हॅलो," मी म्हटलं. पलीकडून पुरुषाचा आवाज, "आ-आ-आई."

"बाळा," मी म्हटलं, "बाळा, कुठे आहेस रे तू?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग चारपाच जण हसले आणि फोन कट झाला.

संध्याकाळपर्यंत असे किती आले, मोजायचं सोडून दिलं. पोरं, पोरी, मोठे बाप्येसुद्धा. म-म-मी आलो. द-द-दार उघड. एकाने तर अख्खं गाणं म्हटलं आणि म्हणाला, काकू, मार्क द्या. शेजारीण म्हणाली, फोन बंद करून टाका हो, भीक नको पण कुत्रा आवर असं झालंय तुमचं. तिचं बरोबर होतं. पण बंद कसा करू? शंभर खोटे असतील, आणि त्यात एक खरा असला तर? मी प्रत्येक फोन उचलला. प्रत्येकाला म्हटलं, "बोल, मी ऐकतेय." शिवी दिली नाही कुणाला. माझ्या तोंडाची ख्याती तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते, हे माझ्यासाठी सोपं नव्हतं. त्यातलाच एखादा माझा असेल आणि मी खेकसले तर तो कायमचा जाईल, ह्या भीतीने माझी पाचावर धारण बसली होती.

ह्यांना वाटायचं, एवढे फोन येतायत म्हणजे फिल्म चालतेय. "काय म्हणतायत लोक?" विचारायचे. मी म्हणायची, "रडतायत."

दोनचार दिवसांत ते फोनच्याही पुढे गेलं. डायरेक्टरीण घाबऱ्या घाबऱ्या सांगत आली. ह्यांचं रडणं आणि मागचं गाणं, एवढाच तुकडा लोकांनी कापून घेतला होता आणि त्यावर स्वतःचे व्हिडिओ बनवत होते. जेवणाच्या टेबलावर बसायचं, अडखळायचं, बाप झालेल्याने उठून नाचायचं. लहान लहान मुलं करत होती. आणि कुणीतरी आमच्या मुलाच्या वर्गाचा जुना फोटो शोधून काढला होता. तिसऱ्या ओळीत त्याच्या तोंडाभोवती लाल गोल. खाली त्याचं पूर्ण नाव, आणि लिहिलेलं, हाच तो ममम. आत्तापर्यंत गाणं सगळ्यांना माहीत होतं, तो कुणालाच माहीत नव्हता. आम्ही त्याला हाक मारायला गेलो आणि गावभर त्याचा पत्ता सांगून आलो.

"नंबर मी आजच काढते," डायरेक्टरीण म्हणाली.

"आता काढून काय? बैल गेला नि झोपा केला."

ती रडायला लागली. मीच तिच्या पाठीवर हात फिरवला. आमच्या घरात रडणाऱ्याची समजूत काढायला दुसरं होतं कोण?

त्यानंतरच्या एका दुपारी फोन वाजला. मी ह्यांच्यासाठी सूप गाळत होते. एका हाताने उचलला, "बोल, मी ऐकतेय." आता ते वाक्य तोंडातून आपोआप यायचं.

"आई."

गाळणी सिंकमध्ये पडली. आवाज जाड झाला होता, बापाच्या वळणावर गेला होता. पण आईला आवाजाची ओळख पटवावी लागत नाही. मला त्याचं नावही घेता येईना. अडखळायची वेळ माझी होती.

"मी बघितलं," तो म्हणाला. हळू बोलत होता, एकेक शब्द पाऊल टाकून बघावं तसा. मध्ये थांबत होता. मी थांबत होते. "बायकोने लावलं होतं. तिला माहीत नव्हतं. मी तिला क-कधी सांगितलंच नव्हतं. बाबांना तसं बघितलं आणि रडलो मी, आई. दोघं रडलो."

बायको. मी ओट्याला घट्ट धरलं.

"बॅग भरली होती. तिकिटं काढली होती. तिघांची."

"तिघांची?"

"मुलगी आहे मला. सात वर्षांची." मला श्वास ऐकू येत होता. "तिलाही आहे, आई. माझ्यासारखंच. स्वतःचं नाव सांगताना पहिल्या अक्षरावरच अडते. इथे काही त्रास नव्हता. बाई चांगल्या आहेत, मुलं थ-थांबायची तिच्यासाठी. आता शाळेत कुणीतरी फोटो बघितला. माझा. ती वर्गात गेली आणि सगळ्यांनी ठेका धरला."

मी भिंतीला टेकून खाली बसले.

"दोन दिवस बोललेली नाही ती. एक शब्द नाही. मी तिला सोडून येऊ शकत नाही. आणि तिला घेऊन त्या घरात..." तो थांबला. ह्या वेळी तो अडखळला नव्हता, नुसता थांबला होता. "बाबांना सांग, मी ऐकलं सगळं. राग नाही म्हण. पण आम्ही येत नाही."

"नाव काय तिचं?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

त्याने सांगितलं. एवढं गोड नाव. पहिलं अक्षर अगदी साधं, कुणालाही येईल असं.

"अरे, त्यांचे दिवस भरलेत रे," मी म्हटलं. "निदान फोनवर बोल. मी देते त्यांना, आत्ता देते, धर." ओट्याचा कोपरा धरून उठले तोवर तो म्हणाला, "आई, तू जप." आणि फोन बंद झाला. मी परत लावला. तो नंबर लागतच नव्हता. कितीतरी वेळा लावला.

सूप गार झालं होतं. तसंच घेऊन आत गेले. हे जागे होते. माझं तोंड बघून ह्यांनी नाकाची नळी काढली आणि हातानेच खूण केली, मशीन बंद कर. मी केलं.

"त्याचा होता," हे म्हणाले.

मी पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. मुद्दाम काही लपवलं नाही. फोटोचं सांगितलं, खोट्या फोनांचं सांगितलं, राग नाही म्हणाला ते सांगितलं, बॅगांचं सांगितलं आणि येत नाही म्हणाला तेही सांगितलं. नातीचं सांगितलं. तीही अडखळते एवढं सांगितलं, आणि दोन दिवस ती एक शब्द बोललेली नाही, तेही.

हे छताकडे बघत होते. डोळ्यांच्या कडांनी पाणी उशीवर उतरत होतं, खोटं कशाला बोलू. मग माझा हात धरला आणि मान माझ्याकडे वळवली.

"बोलताना कुठे अडते गं ती?" त्यांनी विचारलं. "कुठल्या अक्षरावर?"

मला माहीत होतं. नावासकट माहीत होतं. ह्यांचा हात माझ्या हातात होता, बोटं अगदी गार, आणि मला त्यातल्या एकाही बोटाचा भरवसा वाटला नाही.

"ते विचारायचं राहिलं," मी म्हटलं. आणि नळी त्यांच्या नाकाला लावून मशीन चालू केलं.